भावंडांचा रकाना

३ जानेवारी, बुधवार. उणे सत्तावीस.

चौकीवर असताना रोज लिहायचो. पहिल्या ओळीत तापमान, दुसऱ्या ओळीत ‘विशेष काही नाही’. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी हात तसाच चालतो. पण आज विशेष आहे.

ग्रंथालयातून मारितचा फोन आला. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक अठ्ठावीसला आहे, त्याआधी तीन दिवस ती एक कार्यक्रम ठेवतेय. म्हणाली, “कालेर्वो, तुम्ही तीस वर्षं सीमेवर काढलीत. देशाची सुरक्षा आणि बाहेरच्या देशांशी वागणं, या दोन बाबतींत कोणता उमेदवार उजवा, ते तुम्हीच समजावून सांगा. गावात दुसरं आहे कोण?”

दुसरं कोणी नाही हे खरंच आहे. मी आढेवेढे घेतले, पण फार नाही. हेलसिंकीतला आपला राष्ट्राध्यक्ष रस्ते आणि पेन्शन बघत नाही. सैन्य आणि परराष्ट्र, दोनच गोष्टी त्याच्या हातात. त्या दोन्हींत ठोकून बघितल्याशिवाय माणूस निवडायचा कसा?

बायकोला, आइलीला सांगितलं. ती भांडी पुसत म्हणाली, “झालं! म्हणजे आता महिनाभर मला घरात सलाम ठोकत फिरायला लागणार.” तोंड वाकडं केलं, पण कॉफी मात्र मोठ्या कपात दिली.

५ जानेवारी, शुक्रवार. उणे एकतीस. गाडी सुरू झाली नाही.

वही आखली. उमेदवार नऊ आहेत, पण त्यातले सात हौशी. खरे दोनच. चार नंबरचा कोर्पेला, निवृत्त मेजर जनरल, मग संरक्षणमंत्री. सात नंबरची सारिओला, तीन देशांत राजदूत होती. पाच रकाने केले: सैन्याचा अनुभव, परक्या भाषा, शेजाऱ्याची जाण, दबावाखाली डोकं शांत राहतं का, मित्रदेशांत वजन किती. प्रत्येकी दहा गुण. नव्या पोरांना गस्तीवर पाठवण्याआधी मी असेच गुण द्यायचो आणि तीस वर्षांत दोनदाच चुकलो.

आइली खांद्यावरून डोकावली.

“एक रकाना राहिला.”

“कुठला?”

“भावंडं आहेत का?”

मला हसूच आलं. “अगं, राष्ट्राध्यक्ष निवडतोय की जावई?”

“तू लिही तर खरं.”

नाही लिहिलं. बायकांचं डोकं कुठून कुठे जाईल सांगता येत नाही.

१० जानेवारी, बुधवार. उणे एकोणीस.

वर्तमानपत्राची ती प्रश्नावली असते, तीस प्रश्नांची उत्तरं दिली की कुठल्या उमेदवाराशी आपलं किती टक्के जुळतं ते सांगते. मी भरली. कोर्पेला, एक्क्याऐंशी टक्के. मला हेच अपेक्षित होतं.

आइलीलाही बसवलं. पहिले तीन प्रश्न तिने टकाटक उडवले. चौथा होता, ‘पूर्वेची सीमा बंदच ठेवावी का?’ ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली, मग म्हणाली, “ओव्हनमध्ये काहीतरी आहे,” आणि उठून गेली. ओव्हन गार होता. विसरते हल्ली.

१४ जानेवारी, रविवार. उणे बारा. हिमवर्षाव.

जेवताना मी बोललो की नोव्हेंबरात सीमेचं फाटक बंद केलं ते बरंच झालं, खरं तर वर्षभर आधीच करायला हवं होतं. भाषणात हा मुद्दा घ्यायचाय, म्हणून बोलून बघत होतो. आइली माशाचे काटे काढत होती. “हो का,” म्हणाली, आणि काढलेले काटे पुन्हा तपासले.

नंतर दर रविवारसारखा तिचा बहिणीला फोन. हिल्मा सीमेपलीकडे राहते, फाटकापासून गाडीने तासाभरावर. फाटक उघडं होतं तोवर आइली दर महिन्याला जायची, चीज आणि कॉफी घेऊन. नोव्हेंबरात फाटक बंद झालं, आणि त्याच आठवड्यात हिल्मा जिन्यात पडली, खुबा मोडला.

आज फोन सौनाच्या बाहेरच्या खोलीत बसून केला, दार लावून, चाळीस मिनिटं.

“कशी आहे हिल्मा?”

“बरी आहे.”

बरी म्हणाली म्हणजे बरी असणार.

१६ जानेवारी, मंगळवार. उणे चौदा.

कोर्पेलाला ‘शेजाऱ्याची जाण’ यात सहा की सात, यावर सकाळ गेली. आइलीने बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे आणले आणि चाकांची एक बॅगही. “ग्रंथालयात पुस्तकं न्यायला,” म्हणाली. ग्रंथालय तीनशे मीटरवर आहे. पण गुडघा दुखतो बिचारीचा, असू दे.

१८ जानेवारी, गुरुवार. उणे नऊ.

आइली आधीच मतदान करून आली! ग्रंथालयात कालपासून सोय आहे खरी, पण तिला रविवारी शाळेत जायचं असतं, मत द्यायचं आणि मग तिथल्या बायकांसोबत कॉफी आणि बन. दर निवडणुकीला मला ओढून नेते. म्हटलं, “एवढी घाई?”

“रविवारी गर्दी असते.”

आमच्या गावात! गर्दी!

कोणाला दिलं ते विचारलं नाही. आम्ही कधीच विचारत नाही. माझ्या आईबापांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. मत ज्याचं त्याचं. आइलीशी लग्न झाल्यावर मी तिला पहिल्याच निवडणुकीत हे सांगितलं होतं, की या देशात तुला कोणीही विचारणार नाही, मीसुद्धा नाही. तिचे डोळे भरून आले होते. मला त्याचा अजून अभिमान आहे.

२१ जानेवारी, रविवार. उणे सोळा.

दोन दिवस स्वयंपाक चाललाय. राय धान्याच्या पारीत भात भरलेल्या कारेलियन पाय, वाटाण्याचं सूप, सामन माशाचं सूप, मांसाचे गोळे. सगळं डब्यांत भरून फ्रीजरमध्ये, आणि डब्यांवर वारांच्या चिठ्ठ्या, सोमवार ते रविवार दोनदा. माझ्या भाषणाच्या गडबडीत चुलीशी वेळ जाऊ नये म्हणून करत असणार. गुणाची बाई आहे. तोंडाने म्हणत नाही मी, इथे लिहून ठेवतो.

२३ जानेवारी, मंगळवार. उणे सहा.

आज मला कपडे धुण्याचं यंत्र शिकवलं. सत्तराव्या वर्षी! पांढरे वेगळे, लोकरीचे वेगळे. मी म्हटलं, “मला हे कशाला?” तर म्हणाली, “तुझ्या त्या रकान्यांत स्वावलंबन कुठेय?”

२५ जानेवारी, गुरुवार. उणे चार.

कार्यक्रम झाला. सव्वीस माणसं. मारित म्हणाली, एवढी गेल्या वर्षी एका लेखकालाही आली नव्हती. कोर्पेलाला पन्नासपैकी एक्केचाळीस, सारिओलाला एकोणचाळीस. का दिले ते एकेका रकान्यासह सांगितलं. सारिओलाने एका परिषदेत बोलता बोलता आवाज चढवला होता, त्याचे दोन गुण मी कापले. माझा मासेमारीतला जोडीदार ओइवा पुढच्या रांगेत बसून माना डोलवत होता. अर्थात तो बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतो तेव्हाही माना डोलवतो.

शेवटी प्रश्न. मागच्या रांगेतून हात वर, बघतो तर आइली.

“सीमा बंद ठेवायची की उघडायची ते राहू दे,” ती म्हणाली. “पण पलीकडे कोणाचं माणूस आजारी असेल, तर तुझ्या या दोघांपैकी कोणाकडे काही उत्तर आहे?”

मी सांगितलं की राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रश्नात व्यक्तिगत अडचणी मोजता येत नाहीत, मोजू लागलो तर धोरणच उरणार नाही. दोन-तीन जणांनी मान हलवली. आइली म्हणाली, “बरं,” आणि बसली.

सभेत कोणी विचारत नव्हतं, म्हणून सुरुवात करून दिली बहुधा. घरी येताना थँक्स म्हणायला विसरलो.

२६ जानेवारी, शुक्रवार. उणे पाच.

सकाळी ओइवाबरोबर तळ्यावर गेलो. भोक पाडलं, गळ सोडला, दोघे आपापल्या स्टुलावर. तासभर गळच बघितला. मग ओइवा म्हणाला, “उद्या पहाटे तुझ्याकडे साडेपाचला येऊ ना?”

ओइवा गावची टॅक्सी चालवतो.

“कशाला?”

“आइलीला स्टेशनवर सोडायला. हेलसिंकीची गाडी.” मग माझ्या तोंडाकडे बघून गळ गुंडाळायला लागला. “मला वाटलं तुला माहीत आहे.”

चाकांची बॅग. खिळ्यांचे पट्टे. चौदा डबे. यंत्र. आधीच टाकलेलं मत. भावंडं आहेत का! तीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यांवरून आणि सामानावरून मी ओळखलं की कोण कुठे आणि का चाललंय. आणि माझ्या घरात, माझ्या नाकासमोर!

घरी गेलो. ती पलंगावर बसून सामान भरत होती. मी दारात उभा राहिलो, बूट न काढता. ती म्हणाली, “ओइवाच्या पोटात काही राहत नाही.”

“हिल्मा?”

“खुबा नाही रे आता. काळीज थकलंय. डॉक्टर म्हणतात दोन आठवडे, फार तर तीन. एस्टोनियातून जायचं, नार्वाला पूल पायी ओलांडायचा, तिथून बस. माझा तिकडचा जुना पासपोर्ट आहे, मला सोडतात.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास. आणि तू नको म्हणाला असतास तरी मी गेले असते. मग तुझ्या भाषणात तुझं तोंड कुठे राहिलं असतं? गाव म्हणालं असतं, हा सीमेवर बोलतोय आणि याची बायको पलीकडे.” मग एक मोजा गुंडाळत, “आणि तू म्हणालास ना, बंद केलं ते बरंच झालं.”

मी रडलो. लिहून ठेवतो, कारण चौकीवर खोटं लिहायची सवय नव्हती. ती उठली, माझे बूट काढले, आणि म्हणाली, “गाढव आहेस सार्जंट, पण माझा आहेस.”

मला तिच्याबरोबर जाता येणार नाही. माझ्यासारख्याचं नाव त्यांच्या यादीत असतं, मला पुलावरच आत टाकतील आणि तिचाही घोटाळा होईल. म्हणून मला जे येतं ते केलं. बॅग पूर्ण रिकामी केली आणि मीच तपासणी केली. औषधाच्या गोळ्या मूळ खोक्यांत ठेवल्या, वर डॉक्टरची चिठ्ठी. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चीज सोडवून साध्या कागदात बांधलं, कारण वर्तमानपत्रात कोर्पेलाचा फोटो होता. मग म्हटलं, “फोन दे.”

तिथे फोन बघतात. मला माहीत आहे काय शोधतात. गणवेशातला नवरा सापडला तर तिला खोलीत बसवून सहा तास प्रश्न विचारतील. मी स्वतःला एकेक करून पुसलं. निवृत्तीच्या दिवशीचा मी, चौकीबाहेर कुत्र्याबरोबरचा मी. शेवटी लग्नाचा फोटो आला. त्यातही गणवेशच, कारण दुसरा सूट नव्हता माझ्याकडे. माझं बोट थांबलं. आइलीने माझ्या हातातून फोन घेतला आणि तिनेच पुसला.

“भिंतीवर आहे ना मोठा,” म्हणाली.

२७ जानेवारी, शनिवार. उणे दोन.

ओइवाला नको म्हणून कळवलं. मीच सोडलं स्टेशनवर. फलाटावर म्हणाली, “लोकरीचे तीस अंशावर.” गाडी वेळेवर सुटली.

२८ जानेवारी, रविवार. शून्य.

मतदान. जाताना ग्रंथालयाच्या फलकासमोर थांबलो, तिथे उमेदवारांची माहिती लावलीय. कोर्पेला: एकुलता एक. सारिओला: एक मोठी बहीण. वही काढली आणि सहावा रकाना आखला. त्याला गुण किती द्यायचे ते कळेना, म्हणून नुसतं लिहिलं.

शाळेत पडद्यामागे पेन्सिल हातात घेऊन इतका वेळ उभा होतो की केंद्रावर मदतीला आलेल्या मारितने बाहेरून खोकून विचारलं, “कालेर्वो, बरं आहे ना?” काय लिहिलं ते या डायरीतही लिहीत नाही. नंतर कॉफी घेतली. बायका म्हणाल्या, आइली कुठेय? मी सांगितलं, बहिणीकडे. एकीने तिच्या वाटणीचा बन रुमालात बांधून दिला.

संध्याकाळी निकाल आला. कोणालाच निम्म्याच्या वर मतं नाहीत, म्हणून कोर्पेला आणि सारिओला यांच्यात दुसरी फेरी, अकरा फेब्रुवारीला. पुलापासून तिचा काही निरोप नाही.

२९ जानेवारी, सोमवार.

तापमान बघितलं नाही. निरोप नाही.

३० जानेवारी, मंगळवार. उणे सात.

फोन! “पोचले. रांगेत सात तास. पट्टे कामाला आले. हिल्माने ओळखलं. म्हणाली, इतका उशीर का केलास.” आणि मग, “फोन दोनदा बघितला त्यांनी. तू नव्हतास त्यात.” मंगळवारचा डबा दोन वेळा खाल्ला मी आनंदाने.

४ फेब्रुवारी, रविवार. उणे अकरा.

लोकरीचा स्वेटर आता ओइवाच्या नातवाला बसेल एवढा झालाय. साठ अंशावर टाकला होता.

६ फेब्रुवारी, मंगळवार. उणे अठरा.

हिल्मा गेली. पहाटे. आइली उशाशी होती, हात हातात होता. फोनवर तिला रडू येत नव्हतं आणि मला आवरत नव्हतं. तिने मलाच विचारलं, “जेवलास का?”

१० फेब्रुवारी, शनिवार. नार्वा. उणे तीन, वारा.

पुलाच्या या टोकाला सकाळी आठपासून उभा होतो, थर्मास घेऊन. आयुष्यभर मी रांग खिडकीच्या आतून बघितली. बाहेर पाय इतके गार पडतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माणसं पिशव्या ओढत येत होती, म्हाताऱ्याच जास्त. प्रत्येक टोपीखाली मला तीच दिसायची.

पावणेदोनला आली. चाकांच्या बॅगेचं एक चाक गेलं होतं, ती बॅग तशीच फरफटत आणत होती. मी जागेवरून हललोच नाही, नुसता बघत राहिलो. ब्याण्णव साली ती पहिल्यांदा माझ्या खिडकीसमोर आली, पलीकडून एक पेटी घेऊन, तिच्या पूर्वजांच्या या देशात राहायला, तेव्हाही मी पासपोर्ट हातात धरून असाच बघत राहिलो होतो.

“अजून किती वेळ बघणारेस?” ती म्हणाली. तेव्हाही हेच म्हणाली होती. मग माझ्या कोटात तोंड खुपसलं आणि आता कुठे रडली.

१२ फेब्रुवारी, सोमवार. उणे आठ.

काल दिवसभर प्रवास, म्हणून आज लिहितो. सकाळची बोट, मग हेलसिंकीच्या धक्क्यावर ठेवलेली माझी गाडी. मतदान रात्री आठपर्यंत, म्हणून मी कुठे थांबत नव्हतो. अर्ध्या वाटेवर आइली म्हणाली, “पहिल्या फेरीत कोणाला दिलंस?”

एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. “सारिओलाला.”

“का रे? तुझ्या वहीत तर कोर्पेला पुढे होता.”

“तिला बहीण आहे.”

ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “अरे देवा! मी कोर्पेलाला दिलं.”

“तू? फाटक बंद ठेवणाऱ्याला?”

“तू तीन आठवडे घासून घासून गुण दिलेस. सीमेतलं तुला कळतं. मला माझ्या बहिणीला भेटायचं होतं, म्हणून का सगळ्या देशाचं कुलूप कोणाच्या हातात द्यायचं ते मी ठरवायचं? तसं नाही करता येत.”

“मी तर तुझ्या बहिणीवरूनच ठरवलं.”

पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घ्यावी लागली. दोघांनाही पुढचं दिसत नव्हतं.

शाळेत पोचलो तेव्हा आठला सतरा मिनिटं कमी. ती आधी आत गेली, मग मी. बाहेर आलो तर बायकांनी तिला मध्ये बसवलं होतं आणि किटलीच्या तळाची काळी कॉफी दोन कपांत ओतली होती. मी तिच्या कानात म्हटलं, “या वेळी?”

“विचारायचं नसतं ना या देशात?” ती म्हणाली. पण माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून मला वाटतं, आमची मतं पुन्हा एकमेकांना खाऊन बसली. निकाल वर्तमानपत्रात आहे, इथे लिहीत नाही.

आज सकाळी वही फडताळात टाकण्याआधी उघडली. कोर्पेला, सारिओला, त्यांच्या खाली एक ओळ रिकामी होती. तिथे ‘आइली’ लिहिलं. सैन्याचा अनुभव: सार्जंटबरोबर एकतीस वर्षं संसार, दहा. परक्या भाषा: तीन, आणि तिन्हींत शिव्या देता येतात, दहा. शेजाऱ्याची जाण: दहापेक्षा जास्त देता येत नाहीत. दबावाखाली डोकं शांत: सात तास रांगेत, दुखऱ्या गुडघ्यावर, दहा. मित्रदेशांत वजन: शाळेतल्या कॉफीच्या टेबलावर तिच्यासाठी राखलेला बन, दहा.

सहाव्या, भावंडांच्या रकान्याशी पेन थांबलं. काय लिहावं कळेना. आइली शेजारी कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिने माझ्या हातातून पेन घेतलं. मला वाटलं ‘होती’ लिहील.

तिने लिहिलं, ‘एक’. आणि पेन मला परत दिलं.